एटापल्लीच्या वाटेवरचा थंड हिटर

वेठीविरुद्धच्या प्रचाराला आम्हाला जी गाडी मिळाली होती, ती महायुद्धात राबून लिलावात निघालेली. कुठल्याशा बर्फाळ मुलखासाठी बांधलेली, म्हणून पायापाशी हिटर. चांद्यात हिटर म्हणून लोक हसायचे. पण पौषात आलापल्लीच्या पुढे जंगलात शिरलं की कोणी हसत नसे.

गाडी मी चालवायचो. शेजारी आमचे पुढारी भाऊ, दम्याचे. मागे तो, माझ्याच वयाचा, एटापल्लीकडच्या गोंड घरातला. प्रचाराची सगळी पत्रकं मी लिहिलेली. त्यानं एकही नाही. तरी निघताना भाऊंनी सांगून टाकलं, "माह्या छातीनं दगा देल्ला तर एटापल्लीच्या बाजारात हा बोलन."

हा. मी नाही.

मला हेवा वाटला, सरळ सांगतो. म्हणून भाऊंच्या छातीनं दगा देता कामा नये, असं मी ठरवलं. त्यांच्या तब्येतीची काळजी होतीच. पण त्या सकाळी ती दुसऱ्या नंबरावर होती.

आलापल्ली मागे पडली आणि भाऊंना खोकला सुरू झाला. हिटरचा पंखा फिरत होता, वारा मात्र गार. नाल्याकाठी थांबून मी बोनेट उघडलं. इंजिनचं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून हिटरमध्ये जातं-येतं, एवढं मला माहीत होतं. वाटलं, नळी चोंदली. रेडिएटरात आम्ही गढूळ पाणी काय कमी ओतलं होतं?

तो उतरून शेजारी उकिडवा बसला. "काऊन गा, काय शोधून राह्यला?"

"थंडी कुठून येते ते."

"जंगलातून येते. इंजिनात कायले पाहतं?"

भाऊ खोकता खोकता हसले. त्याच्या बोलण्याला ते हसायचेच. माझ्या पत्रकांना लाल पेन्सिल.

दोन्ही नळ्या चाचपल्या. दोन्ही सारख्याच कोमट. चोंदली असती तर एक गरम, एक गार लागली असती. म्हणजे पाणी खेळत होतं, तापतच नव्हतं. इंजिनच्या तापमानाचा काटाही खालीच पडलेला. मग डोक्यात आलं. तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप इंजिनात असते. आमच्याकडचे मिस्त्री ती आधी काढून फेकतात, उन्हाळ्यात इंजिन उकळू नये म्हणून. वैशाखाचा इलाज आम्ही पौषात भोगत होतो.

झडप जंगलात कुठून आणणार? पण रेडिएटरवर येणारा वारा अडवला तरी भागणार होतं. मागे माझ्या पत्रकांचा गठ्ठा होता, पुठ्ठ्यात बांधलेला. तो उचलला आणि पुढच्या जाळीला सुतळीनं आवळला.

"लोकायले काय वाटशीन मंग?" त्यानं विचारलं.

"भाऊ बोलतीन. पत्रक लागत नाई."

लवकरच काटा चढला, पायाशी ऊब आली. भाऊंनी मफलर सैल केला. "जमलं गा तुले." एटापल्लीपर्यंत मी शीळ घालत गेलो.

बाजारात भाऊ उभे राहिले. आवाज खणखणीत. एक वाक्य बोलले, थांबले आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते गोंडीत सांगितलं. आतापर्यंतच्या आमच्या सभा पोंभुर्ण्याकडे, मराठी गावांत झालेल्या. इथं दुभाष्या लागेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

भाऊंचं एक वाक्य, त्याची पाच. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. एक म्हातारा उठून काही बोलला. काय म्हणतो, मी विचारलं.

"पुढच्या दौऱ्याले साहेबाची खाट वाहणार नाई म्हणते."

हेच मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. ते जाळीवर धुळीनं माखून लटकत होतं.

परत निघताना सांजेचा गारवा सुटला होता. भाऊ घोंगडी घेऊन मागे चढले. त्याला म्हणाले, "तू समोर बस. तुहा घसा बसला. उद्या दुसरा बाजार हाय."

तो माझ्या शेजारी बसला. हिटर छान चालत होता.

"पाय भाजून राह्यले गा," तो म्हणाला.

"मग मागं जाय."

तो गेला नाही.