पंख्याची मालवणी

"मॅडम, सत्त्याण्णव!"

तन्वी परब उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून माझ्या केबिनमध्ये शिरली. मागे तिचा प्रोजेक्ट पार्टनर सिद्धार्थ जाधव. दोघंही कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवत होते. दर वर्षी दोन-तीन जोड्यांना धरून बसवायचे आणि खऱ्या संशोधनाला लावायचे. बाकीच्यांचे प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररीचं सॉफ्टवेअर. मागच्या बॅचचं, कव्हर बदलून.

या दोघांचा विषय वेगळा होता. फोनशी मालवणीत बोललं की फोन गोंधळतो. म्हणून आधी माणूस मालवणी बोलतोय की प्रमाण मराठी, एवढंच ओळखणारा प्रोग्राम करायचा. पद्धत साधी. दोन्हीकडची भरपूर रेकॉर्डिंग्ज प्रोग्रामला ऐकवायची आणि कुठलं काय ते सांगायचं. हे ट्रेनिंग. मग त्याने कधीच न ऐकलेल्या माणसांचे आवाज देऊन परीक्षा घ्यायची. शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं बरोबर आली होती.

"झकास ना, मॅडम?" सिद्धार्थ म्हणाला.

"चुकलेली तीन ऐकव."

ही माझी जुनी खोड. बरोबर आलेल्या उत्तरांवरून मला कधी काही कळलेलं नाही.

तन्वीचं तोंड उतरलं. तिला घाई होती. एका मोठ्या संशोधन संस्थेत सहा महिने काम करायला शेवटच्या वर्षाची मुलं घेत होते. फॉर्म शुक्रवारी बंद होणार होता आणि सोबत माझं शिफारसपत्र लागणार होतं. कॅम्पसमधून अंधेरीच्या एका कंपनीची ऑफर तिच्या हातात होतीच. घरी ठरलं होतं की संस्थेने घेतलं तर पुढे एम.टेक., नाहीतर गुपचूप नोकरी.

पहिलं रेकॉर्डिंग लागलं. एक बाई रेशनच्या रांगेत मध्ये घुसलेल्या कुणाला तरी शिव्या घालत होत्या. मालवणी अस्सल, आवाज खणखणीत. प्रोग्रामचं उत्तर: प्रमाण मराठी.

"बाकीच्या मालवणीपेक्षा हे इतकं स्वच्छ कसं गं?"

"त्या दिवशी लाइट गेली होती, मॅडम. माझ्या काकूकडचा पंखा बंद होता."

"सगळी मालवणी काकूकडेच केलीस?"

"हो ना. भांडुपला. शेजारणी सगळ्या तिथेच जमतात."

"आणि प्रमाण मराठी?"

"आपल्या लॅबमध्ये. एसी असतो, दारं बंद असतात."

मी म्हटलं, "आज काकूकडे जा. पंखा लाव, फोन रेकॉर्डिंगला ठेव आणि पाच मिनिटं कुणालाही बोलू देऊ नकोस."

"मग रेकॉर्ड काय करायचं?"

"काहीच नाही. सिद्धार्थ, तू लॅबमध्ये तेच कर."

दुसऱ्या दिवशी दोन्ही शांतता प्रोग्रामला ऐकवल्या. काकूच्या गप्प खोलीला तो म्हणाला मालवणी. अगदी खात्रीने. लॅबला म्हणाला प्रमाण मराठी.

"वाट लागली," सिद्धार्थ म्हणाला.

प्रोग्रामने भाषा शिकलीच नव्हती. पंख्याची घरघर आली की मालवणी, एसीची आली की प्रमाण मराठी, एवढंच त्याने पाठ केलं होतं. कमीत कमी कष्टात पास होण्याची कला विद्यार्थ्यांपेक्षा या प्रोग्रामना जास्त येते. ट्रेनिंगचा माणूस परीक्षेत येऊ नये, हे मी मुलांना दहा वेळा बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलंही होतं. खोल्यांबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नव्हता. रेकॉर्डिंगचा आराखडा मीच मंजूर केला होता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

तन्वीने संस्थेचा फॉर्म स्क्रीनवर उघडला. मग म्हणाली, "मॅडम, फॉर्ममध्ये फक्त रिझल्ट लिहायचाय. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की आता."

ती रडली. मी पाणी दिलं. दुसरं काय करणार?

दुपारी विभागाच्या हेडनी बोलावलं. सत्त्याण्णवची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजची तपासणी करायला कमिटी यायची होती.

"मॅडम, सत्त्याण्णवचं पोस्टर छापून आलंय," ते म्हणाले.

"ते लावता येणार नाही, सर. आकडा खोटा आहे."

"कमिटीतलं कोण एवढं खोलात जातंय?"

"त्यांच्यातल्या कोणी विचारलं तर मी खरं सांगणार. म्हणून आत्ताच सांगतेय."

पोस्टर लागलं नाही. हेड पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. आम्ही माणसांची अदलाबदल केली. सिद्धार्थ प्रमाण मराठी बोलणारे मित्र घेऊन भांडुपला गेला आणि पंख्याखाली बसला. तन्वीने काकूला आणि चार शेजारणींना रिक्षात घालून लॅबमध्ये आणलं. काकू एसीखाली पदर लपेटून बसल्या.

"मॅडमनू, थयसर पंख्याखाली गप बसूक सांगतास, आणि हयसर थंडीत बोलूक," त्या म्हणाल्या. "आमच्या बोलण्यात काय खोट आसा काय?"

"तुमच्यात नाही हो काकू. खोट आमच्यात."

नवीन रेकॉर्डिंग्ज घालून ट्रेनिंग पुन्हा केलं. चौसष्ट आले. डोळे मिटून नाणं उडवलं तरी पन्नास येतात, म्हणजे आमची खरी कमाई चौदा.

तन्वीने फॉर्मवर चौसष्ट लिहिलं. सोबत एक पान जोडलं: सत्त्याण्णव कसे आले होते आणि कसे गेले. वाचायला दिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पत्रात लिहिलं की पोरगी पुन्हा शून्यापासून सुरुवात करू शकते, आणि मूळ चूक माझ्या देखरेखीखाली झाली.

तिची निवड झाली नाही. कारण कळवलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही.

पुढच्या शनिवारी तिचे वडील कॉलेजात आले. साकीनाक्याच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायचे, तीस वर्षं. मनात म्हटलं, चला, आता ऐकून घ्या. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि पिशवीतून तन्वीचं ते एक पान काढलं. सिद्धार्थकडून समजावून घेतलं होतं म्हणे.

"हे तिने स्वतःहून लिहिलं?"

"हो. मी फक्त शुद्धलेखन बघितलं."

"आमच्याकडे रिजेक्ट माल पास कर म्हणून दबाव येतो ना, तेव्हा भलेभले सही करतात." त्यांनी पानाची नीट घडी घातली. "आता चौसष्टच्या वर न्यायला किती वेळ लागेल, मॅडम?"

"वर्ष. दोन वर्षं. कदाचित वर जाणारही नाहीत."

"एम.टेक. दोन वर्षांचंच असतं ना?"

"दोनच."

"मग तेवढ्यात बसतंय की. अंधेरीच्या कंपनीला नाही म्हणून कळवायला सांगतो तिला." त्यांनी पिशवी उचलली आणि निघाले.

तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या कुठल्याही प्रोजेक्टवर सही करण्याआधी मी रेकॉर्डिंगच्या सगळ्या खोल्यांत स्वतः जाऊन पाच मिनिटं गप्प बसते. मुलं हसतात. हसू देत.