दुखत नसताना या

आमच्या दातांच्या डॉक्टरांना नुसता चेहरा पाहून माणूस ओळखता येत नसे. नाशिकरोडच्या भाजीबाजारात मी समोरून नमस्कार केला, की ते हातातली पिशवी सावरत चष्म्यावरून बघत राहायचे. मग मी हसायचे आणि त्यांना ओळख पटायची. "अहो बाई, तुम्ही होय. खालचे पुढचे दोन वाकडे." भर बाजारात, मेथीच्या जुडीवर हात ठेवून हे वाक्य ते इतक्या प्रेमाने म्हणायचे की रागवायची सोयच नव्हती.

त्यांचा दवाखाना स्टेशनजवळच्या एका कापडदुकानाच्या वर होता. जिना अरुंद, वर एक बाकडं, आत खुर्ची, आणि खिडकीपाशी पत्र्याची एक लांबट पेटी. पेटीत पुठ्ठ्याचे बारा कप्पे, प्रत्येकावर महिन्याचं नाव. दात साफ करून झाले की डॉक्टर कोरं पोस्टकार्ड पुढे करायचे आणि म्हणायचे, "पत्ता तुम्हीच लिहा. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही." मग ते कार्ड ज्या महिन्यात आपल्याला पुन्हा बोलवायचं त्या कप्प्यात जायचं. वेळ आली की मागच्या बाजूला एक ओळ लिहून ते टपालात टाकायचे. त्यामुळे आपल्याच अक्षरातलं पत्र आपल्याला यायचं, आणि मागे लिहिलेलं असायचं, "बाई, वेळ झाली. दुखत नसताना या."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. दाढ ठणकायला लागल्यावर गालाला फडकं बांधून येणाऱ्यांचा त्यांना मनापासून वैताग यायचा. "दुखल्यावर काय, सगळेच येतात," ते म्हणायचे. "न दुखता येतो तो माझा पेशंट."

कोणी किती दिवसांनी यायचं हे ठरवण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी हिरडीला बारीक सळई लावून बघायचे, रक्त येतं का. मग सळई खाली ठेवून गप्पा मारायचे. पान खाता का, तंबाखू मळता का, घरून कसे येता, सिन्नरहून एसटीने आलात तर परतीची गाडी किती वाजता आहे. एवढं झाल्यावर निकाल. कोणाला वर्ष, कोणाला सहा महिने, कोणाला तीन. "सगळ्यांना एकच मुदत द्यायला मी काय शाळा चालवतो?" असं माझ्याकडे बघून म्हणायचे, कारण मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. ज्याला वर्ष मिळे तो पहिला वर्ग मिळाल्यासारखा जिना उतरायचा. मला पहिल्याच वेळी वर्ष मिळालं होतं.

चौऱ्याहत्तर साली मी सासूबाईंना त्यांच्याकडे नेलं. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला लागल्यावर सासूबाई सिन्नरकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या, वंदना तोंडपाठ म्हणायच्या, आणि घरी येऊन तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि जेवणानंतर एकदा, बोटावर घेऊन हिरड्यांना. मी एकदा दबकत म्हटलं, पंचशीलात नशेला मनाई आहे ना. त्या शांतपणे म्हणाल्या, "मनाई दारूला हाय. मिसरीचं नाव कुठं हाय त्यात?"

डॉक्टरांकडे यायला त्या मुळीच तयार नव्हत्या. दात खरवडले की फटी पडतात आणि दात हलायला लागतात, हे त्यांच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणा चुलतजावेचे असेच हलले होते. डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि हातात आरसा देऊन त्यांना त्यांच्या खालच्या दातांमागचं काळं कीटण दाखवलं. "आजी, दात आधीपासूनच हलतायत. या दगडांनी त्यांना धरून ठेवलंय, एवढंच. आणि हे दगडच हिरडी खातायत." सासूबाईंनी बराच वेळ आरशात पाहिलं. मग म्हणाल्या, "काढा मग. पण हळू."

निकाल तीन महिन्यांचा लागला. सासूबाईंना तो अपमान वाटला. सुनेला वर्ष आणि आपल्याला तीन महिने हे त्यांना पटेना. मलाही ते जडच होतं, खरं सांगायचं तर. दर तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागायची, आणि मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांसमोर विचारणार, "बाई, तुमच्या सासूबाईंना दात आहेत तरी किती?"

दुसऱ्या खेपेलाही तीनच महिने मिळाले, तेव्हा सासूबाईंनी मनावर घेतलं. पुढचं कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी मिश्रीची डबी उंच फळीवर ठेवून दिली. मग पंधरा दिवस लिंबाची काडी, मिठाचं पाणी, बोटाने हिरड्या चोळणं. मी वार्षिक परीक्षेच्या आधी जागे होणारे विद्यार्थी पुष्कळ पाहिले होते, पण सत्तरीला टेकलेला हा पहिलाच. दवाखान्यात त्या स्वतःहून खुर्चीत बसल्या. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले.

"आजी, मिश्री सुटली?"

"सुटली म्हंजे काय, डबीच फेकून दिली."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "सहा महिने."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं ते मी आजही विसरलेले नाही. त्यांच्या वतीने पत्ता मी लिहिला, आणि कार्ड सहा महिन्यांपुढच्या कप्प्यात मीच टाकलं. त्या संध्याकाळी विहारातल्या सगळ्या बायकांना त्यांनी आपली सहामाही सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर चढून डबी खाली काढताना मी त्यांना पाहिलं. "डाक्टरला सांगू नको हां मंदा," त्या म्हणाल्या. मी नाही सांगितलं. त्या खूश होत्या म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. पण वर्षाच्या दोन रजा वाचल्या, हेही कारण होतं.

पुढच्या खेपेला हाच प्रकार झाला. कार्ड, पंधरा दिवसांचं पथ्य, स्वच्छ हिरडी, आणि पुन्हा सहा महिने.

त्यानंतर तीन-चार महिने झाले असतील. सासूबाईंनी जेवताना ठेचा बाजूला सारला. त्या ठेच्याशिवाय जेवणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गालाच्या आत जरा पांढरं झालंय. तिखट लागलं की झोंबतं." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून येऊ. "कार्ड कुठं आलंय अजून?" त्या म्हणाल्या. "आन एरवी काय दुखत नाय."

शाळेत तेव्हा परीक्षा चालू होत्या. घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. मी म्हटलं, बरं, कार्ड आलं की जाऊ.

हे वाक्य मी म्हटलं. ते दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

कार्ड आलं, आम्ही गेलो. डॉक्टरांनी आरसा गालाच्या आत सरकवला आणि त्यांच्या गप्पा मध्येच थांबल्या. त्यांनी बोटाने हनुवटीखाली चाचपून पाहिलं, दुसऱ्या बाजूला चाचपलं, पुन्हा पहिल्या. मग दात साफ न करताच त्यांनी हातातली आकडी ट्रेमध्ये ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "साफ करा ना. वेळ झालीय." डॉक्टर म्हणाले, "आज नाही आजी. आधी मुंबईला दाखवून या." चिठ्ठी लिहिताना त्यांनी ती दोनदा फाडली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. गालाचा एक भाग गेला, खालचे दात गेले. त्यानंतर त्या आठ महिने होत्या. त्या आठ महिन्यांत डॉक्टर दर रविवारी आमच्या घरी यायचे. एरवी खुर्चीतल्या पेशंटपुढे उभा राहणारा तो माणूस आमच्याकडे जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि कोमट पाण्यात कापूस भिजवून सासूबाईंचं तोंड आतून पुसून द्यायचा. मुंबईच्या दवाखान्यात नर्सलाही त्यांनी हात लावू दिला नव्हता, पण डॉक्टरांपुढे तोंड उघडायच्या. एका रविवारी, शब्द नीट फुटत नव्हते तरी, त्या त्यांना म्हणाल्या, "आता सहामाही नको. तिमाहीच बरी हाय." डॉक्टर हसले. मग हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ आत उभे राहिले.

त्या गेल्यानंतर सर्वांच्या कार्डांवर एक ओळ वाढली. छापून घेतली असती तर सोपं झालं असतं, पण डॉक्टर ती प्रत्येक कार्डावर स्वतःच्या हाताने लिहायचे. "मध्ये तोंडात पांढरं, लाल काही दिसलं तर कार्डाची वाट पाहू नका." आणि मुदतीची घासाघीस बंद झाली. तंबाखू, मिश्री म्हटलं की तीन महिने, मग हिरडी कितीही चांगली दिसो. लोक म्हणायला लागले, डॉक्टर पूर्वीसारखे राहिले नाहीत. ते खरंच होतं.

मी मात्र माझं कार्ड तीन महिन्यांच्या कप्प्यात टाकायला लागले. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला वर्ष पुरे." मी म्हटलं, असू द्या. वर्षातून चार वेळा मी तो जिना चढायचे, खुर्चीत बसायचे, ते आरसा फिरवायचे आणि म्हणायचे, "साफ करण्यासारखं काहीच नाही." मग आम्ही थोडा वेळ खिडकीपाशी बसायचो. अशी पाच-सहा वर्षं गेली.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास एकदा मी बोलून टाकलं. बाकड्यावर त्या दिवशी कोणी नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या मिश्री लावत होत्या. डबी फेकलीच नव्हती. मला माहीत होतं."

ते पेटीतली कार्डं सारखी करत होते. तशीच करत राहिले.

"मला वास आला होता, बाई," ते म्हणाले. "पहिल्याच वेळी. मिश्रीचा वास पंधरा दिवसांत जात नाही."

मी विचारलं, मग सहा महिने का दिलेत?

"आजीबाईंनी एवढी धडपड केली होती. म्हटलं, एकदा पास करावं." मग पेटी बंद करून म्हणाले, "तीन महिने आधी पाहिलं असतं तर किती फरक पडला असता, ते मला सांगता येत नाही. कोणालाच नाही येणार. पण मी पाहिलं असतं."

त्या दिवशी जिना उतरताना माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. इतकी वर्षं मी फक्त स्वतःला दोषी समजत होते, आणि तेही फक्त स्वतःलाच, एवढं मात्र कळलं.

पुढे त्यांचा उजवा हात कापायला लागला. दातांच्या डॉक्टरांचा हात कापायला लागल्यावर दुसरं काय करायचं असतं. त्यांनी बोर्ड उतरवला आणि मुलाकडे नागपूरला जायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांनी पेटीतलं एकेक कार्ड काढून, प्रत्येकावर काहीतरी लिहून, सगळी टपालात टाकली. मला माझं आलं. पुढे माझ्याच वळणदार अक्षरातला पत्ता, मागे थरथरलेल्या ओळी, पेन दोनदा घसरलेलं.

"बाई, तुमच्या हिरड्या उत्तम आहेत. वर्षातून एकदा पुरे. बाकीच्या तीन वेळा तुम्ही कोणासाठी येत होता ते मला ठाऊक आहे. मीही त्यांच्यासाठीच बघत होतो. आता पुरे करू या."

निरोप द्यायला मी स्टेशनवर गेले नाही. जायला हवं होतं. दोन वर्षांनी कळलं की ते नागपूरलाच वारले. त्या दिवशी मी वर्गात मुलांना पाढे लिहायला सांगितले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

आता मी वर्षातून एकदाच दात साफ करायला जाते. त्यांनी सांगितलं तसं. नवे डॉक्टर तरुण आहेत, यंत्राने साफ करतात, आणि सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांनी बोलावतात. पण बाकीच्या तीन वेळांची मला सवय लागलेली आहे, ती सुटत नाही. शाळेत मुलांच्या आया भेटायला येतात. बोलता बोलता कोणाचे दात काळे दिसले की मी मुलाची प्रगती बाजूला ठेवते आणि व्हरांड्यात, उजेडात नेऊन म्हणते, "तोंड उघडा बघू." बायका लाजतात, पदर तोंडाशी नेतात, बाई कशा काय अशा, म्हणून हसतात. परवा एका आईच्या गालाच्या आत नखाएवढं पांढरं दिसलं. मी रजेचा अर्ज लिहिला आणि पर्स उचलली.

"आत्ताच कशाला, बाई?" ती म्हणाली. "दुखत तर नाय."

"म्हणूनच," मी म्हटलं. "चला."