शाळा संपेपर्यंत

शाळेतली मावशी म्हणून रफिलीनाचा दरारा मुख्याध्यापकांपेक्षा जास्त होता. इटलीत नेपल्सजवळच्या पोत्सुओलीच्या त्या शाळेत अठरा वर्षं ती घंटा वाजवत होती, फरशा पुसत होती आणि मुख्य म्हणजे दारं सांभाळत होती. आमचं गाव ज्वालामुखीवर वसलेलं; खालची जमीन कधी वर येते, कधी खाली बसते, आणि ती वर यायला लागली की आधी दारं घासतात. त्यामुळे रफिलीनाच्या बादलीशेजारी रंधा ठेवलेलाच असे. पण एखादं दार खांद्याने रेटावं लागलं, की रंधा बाजूला ठेवून ती तडक ऑफिसात जायची.

"इंजिनियर बोलवा. आजच. माणूस खोटं बोलेल, दार नाही बोलत."

इंजिनियर येऊन तपासून गेले की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. मुलांना तर तिने असं तयार केलं होतं, की जरा हादरा बसला की अख्खा वर्ग बाकांखाली. "मोबाइल नंतर शोध रे शहाण्या, डोकं दुसरं मिळत नाही!"

घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मार्चच्या सुरुवातीला एक धक्का बसला आणि तिच्या एकुलत्या एका लेकीच्या, मिरियानाच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी तिला भेग दिसली. केसाएवढी, हातभर लांब. अग्निशमन दलाला फोन करायला हवा होता. पण फोन केला की काय होतं हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणसं येतात, भिंतीवर टॉर्च मारतात, घर रिकामं करायचा कागद हातात देतात, आणि अर्ध्या तासात संसार पिशवीत. समोरच्या बिल्डिंगमधलं कुटुंब असंच दीड तासावरच्या कुठल्याशा हॉटेलात जाऊन पडलं होतं. तीन बस बदलून त्यांची मुलगी तीन आठवडे शाळेत आली, मग यायची बंद झाली. आणि मिरियानाची तर त्याच शाळेत जूनमध्ये आठवीची परीक्षा होती. पुढे नेपल्सच्या शाळेत तिचं नाव घालून झालं होतं. रफिलीनाच्या घराण्यात आठवीच्या पुढे कोणी गेलंच नव्हतं.

तिने भेगेच्या खालच्या टोकाशी पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली. "जूनपर्यंत धर गं बाई," ती भिंतीला म्हणाली. "शाळा संपेपर्यंत. मग पड हवी तर." आणि वर चर्चमधून मिळालेलं, गावच्या संत प्रोकोलोचं कॅलेंडर लावून टाकलं.

नवऱ्याचंही नाव प्रोकोलोच. त्याला यातलं काही सांगितलं नाही. "वा, माझ्या नावाचा संत पोरीच्या उशाशी," तो म्हणाला. "आता तरी घरात माझा धाक वाटेल."

"तुझा धाक मांजराला वाटत नाही. परीक्षेचे दिवस खोडायला लावलंय ते."

मिरियाना रोज जांभळ्या पेनाने एक दिवस खोडायला लागली. महिना संपला की पानही तीच उलटायची. रफिलीनाने त्यानंतर कॅलेंडर उचलून पाहिलं नाही. न पाहिलेलं वाढत नाही, असा तिने आपल्यापुरता नियम करून टाकला होता.

एप्रिलमध्ये गंधकाचा वास वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला. बंदरातून आल्यावर प्रोकोलो एकदा नुसताच हात वर करून दाखवत राहिला. बंदराच्या भिंतीतल्या ज्या कडीला तो बसल्या बसल्या होडी बांधायचा, ती आता जमिनीबरोबर डोक्यावर गेली होती. दरवर्षी जिन्याच्या छताला घरटं करणाऱ्या पाकोळ्या घिरट्या घालून निघून गेल्या. खालच्या मजल्यावरच्या तितीना काकू म्हणाल्या, "माझं तर एक काम वाचलं बाई. चणे शिजत ठेवले की पातेलं आपलं आपणच ढवळतं." सगळे हसले. हसण्यावारी नेण्याची आमच्याकडे फार जुनी सवय आहे, आणि त्या सवयीने आमचं कधी भलं झालेलं मला तरी आठवत नाही.

मिरियाना मात्र गप्प गप्प झाली होती. एका सकाळी रफिलीनाने तिचं पांघरूण ओढलं, तर पोरीच्या पायात बूट.

"बुटांसकट? गोठ्यात जन्मलीस का गं?"

"सकाळी उशीर होतो ना, मम्मा."

मेच्या सुरुवातीला तिने कॅलेंडरच्या वर आणि खाली विज्ञानाचे दोन मोठे तक्ते चिकटवले. पोर अभ्यासाला लागली, म्हणून रफिलीनाला कौतुकच वाटलं. तिला तेच वाटून घ्यायचं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, तिसऱ्या तासाला, जमिनीने खालून लाथ मारावी तसा धक्का दिला. रफिलीना ओरडायच्या आत मुलं बाकांखाली गेली होती. रांगा मैदानात आल्या, डोकी मोजून झाली, एकही कमी नव्हतं. मिरियाना पांढरीफटक पडली होती, पण ती शाळेकडे बघतच नव्हती. ती घराच्या दिशेला बघत होती.

"मम्मा, घरी आधी मी जाते."

"तू कशाला?"

"तू नको जाऊस. मी बघते."

रफिलीनाने तिला रांगेतच उभं केलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा घंटा दुसऱ्याच्या हातात देऊन ती निघाली.

मिरियानाच्या उशीवर मूठभर गिलावा पडला होता. तक्ते एका बाजूने टरकून लोंबत होते. रफिलीनाने कॅलेंडर खाली काढलं. भेगेत बोट जात होतं. तिने मारलेली पेन्सिलीची रेघ कुठेतरी मधेच राहून गेली होती, आणि भेगेच्या कडेने वरपासून खालपर्यंत जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. प्रत्येकीपुढे तारीख. दर रविवारची. सगळ्यात पहिली रफिलीनाच्या रेघेच्याही आधीची होती; मार्चमध्ये त्या बारीक खुणा तिच्या नजरेतून सुटल्या होत्या. तळाशी बारीक अक्षरात गणित मांडलं होतं: आठवड्याला इतकं वाढते, इतके आठवडे उरले. उत्तराखाली दोनदा रेघ. 'परीक्षेपर्यंत पुरेल. मम्माला सांगायचं नाही.'

रफिलीनाला रडू आलं नाही. स्वतःची इतकी चीड आली, की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. या भिंतीखाली तिने लेकीला झोपवलं होतं, आणि लेक रोज बूट घालून तिथे झोपत होती, आईला घोर नको म्हणून.

तिने फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव, पत्ता, मजला विचारला.

"भेग कधीपासून आहे, बाई?"

"मार्चपासून."

"फेब्रुवारी," दारातून आवाज आला. मिरियाना धापा टाकत उभी होती. "नऊ तारीख."

पलीकडचा माणूस म्हणाला, "काही घेत बसू नका. आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

मिरियानाने वाकून पलंगाखालून एक पिशवी ओढली. गच्च भरलेली. "तुझ्या गोळ्या आहेत. पप्पाचा जुना चष्मा आहे. कागदपत्रं पण." मग तिने भिंतीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "बारा दिवसांनी चुकलं गं, मम्मा, माझं गणित."

रफिलीनाने पिशवी उचलली आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यातून तितीना काकूंच्या हाका येत होत्या. हातातली पिशवी खाली ठेवून तिने सवयीने घराचं दार लोटलं. लागलं नाही. खांदा लावून रेटलं, पुन्हा रेटलं. मग ते तसंच उघडं टाकून ती लेकीमागोमाग जिना उतरायला लागली.