न बांधलेला फ्लॅट आणि सय्यदभाईंचा डब्बा

आमच्या ऑफिसात चार माणसं चहाला जमली की हेडसेटचा विषय निघतोच. एकानं एक किस्सा सांगावा, दुसऱ्यानं "अन् तो लातूरचा माणूस?" म्हणावं, की चहा गार! फ्लॅट विकणाऱ्या ऑफिसात खरं तर फ्लॅटचे किस्से साचायला हवेत. आमची इमारत अजून खड्ड्यातच आहे, म्हणून हेडसेटचे साचले.

ऑफिस नांदेडात, विष्णुपुरी रोडला. मालक दोन. कदमसाहेब उत्साह बघतात, सय्यदभाई हिशेब बघतात. मी कॉम्प्युटरवर फ्लॅटचं थ्रीडी मॉडेल बनवते. गिऱ्हाइकानं डोळ्यांवर हेडसेट चढवला की ते न बांधलेल्या घरात फिरून येतं. ही आयडिया माझीच, त्यामुळे बोलणीही मलाच.

सुरुवातीला सय्यदभाईंनी सगळ्यात स्वस्तातला हेडसेट आणला. चित्र इतकं दाणेदार, की पहिल्याच गिऱ्हाइकानं हॉलमध्ये उभं राहून भिंत न्याहाळली आणि विचारलं, "बांधायच्या आधीच ओल आली व्हय?"

मग कदमसाहेबांनी महागडा मागवला. किंमत ऐकून सय्यदभाई मटकन खुर्चीत बसले.

"एवढ्यात तर बाथरूमला भारीतल्या टाइल्स लागल्या असत्या, कदमसाब!"

त्यांनी अट घातली. पाडव्यापर्यंत या डब्ब्यानं एक तरी फ्लॅट विकून दाखवायचा. नाही तर डब्बा विकायचा आणि ताईंनी, म्हणजे मी, पुन्हा गिऱ्हाइकांना फोन लावत बसायचं. फोनवर मी बरेच दिवस काढले होते. दिवसभर लोकांचं "नको, नको" ऐकायला मला परत जायचं नव्हतं.

*

महागडी वस्तू म्हटल्यावर पूजा आलीच. कदमसाहेबांनी नारळ फोडला आणि हेडसेटला भरघोस हळदीकुंकू वाहिलं. नेमकं समोरच्या बाजूला, जिथं त्याचे कॅमेरे असतात!

चालू केला तर खोलीच दिसत नाही म्हणतो. मी घाबरून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "मॅडम, कॅमेरे पे कुछ लगा है क्या?"

साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "लगा नहीं है. लगाया है!"

*

नायगावचे एक काका आले. त्यांना मी हौसेनं सातव्या मजल्याच्या बाल्कनीत नेलं. चित्र असं खरंखुरं, की खाली बघताच काकांनी माझं मनगट धरलं आणि ऑफिसच्या फरशीवर बसकण मारली.

"काका, थांबा, हेडसेट काढते."

"हात लावू नको! आधी मला खाली घे, मंग काढ."

कदमसाहेब म्हणाले, "अहो, तुम्ही ऑफिसातच आहात."

"तुम्हाला काय जातंय? तुम्ही खाली बसून राहिले!"

शेवटी मी मॉडेलमधली लिफ्ट चालू केली आणि एकेक मजला करत त्यांना खाली आणलं. तळमजला आला तसा काकांनी घाम पुसला.

"हितला काय भाव हाय?"

*

सय्यदभाईंनी तो डब्बा एकदाच डोळ्यांना लावला. हॉलमध्ये दोन पावलं टाकली आणि थांबले.

"ताई, हा मार्बल कुणाला विचारून टाकला?"

"मॉडेलमध्येच आहे, भाई. फुकटचा आहे."

"आज फुकट हाय. उद्या गिऱ्हाईक म्हणंल, दाखवला तस्सा द्या!"

संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या इमारतीचा मार्बल उखडला.

*

आणि तो लातूरचा माणूस. निवृत्त मास्तर, सोबत बायको. पैसे तयार, फक्त घर पसंत पडायचं बाकी. मास्तरांनी हॉल बघितला नाही, बेडरूम बघितली नाही, थेट बाथरूम गाठलं. तिथं मी नळातून पाणी पडताना दाखवलं होतं, आवाजासकट.

"बंद करा ते."

"सर, चित्र आहे."

"असू द्या. नळ उघडा टाकून मी पुढं येणार न्हाई."

मॉडेलमध्ये नळ बंद करायची सोयच मी केली नव्हती! मास्तरांनी थोडा वेळ ते वाहतं पाणी बघितलं, हेडसेट काढला आणि बायकोला म्हणाले, "चल. पाण्याची कदर न्हाई हितं."

हातातलं गिऱ्हाईक गेलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

पाडवा तोंडावर आला तेव्हा धर्माबादचं एक मिरचीच्या व्यापाऱ्याचं कुटुंब आलं. सासरे, सासू, मुलगा, सून. सासऱ्यांनी फ्लॅट बघितला, हॉललगतची खोली आम्हा म्हाताऱ्यांची म्हणाले. मग मुलानं बघितला. दोघंही म्हणाले, "बघू, विचार करू." विचार करू म्हणजे काय, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. सय्यदभाई हेडसेटचं रिकामं खोकं शोधायला उठले.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सुनंला बी दाखवा."

सून सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, आणि हेडसेटचा पट्टा डोक्यावरूनच जातो. ती मान हलवून नको म्हणाली.

"घाल गं. पदर मी धरते." आणि सासूबाई खरोखरच तिच्यामागे पदर धरून उभ्या राहिल्या!

हेडसेट महाग, तसे त्याचे हेडफोनही महाग. एकदा कानाला बसले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि आपण किती मोठ्यानं बोलतो तेही कळत नाही. ती काय बघते ते आम्हाला टीव्हीवर दिसत होतं. सगळं घर फिरून ती कोपऱ्यातल्या बेडरूममध्ये थांबली आणि नवऱ्याच्या कानात सांगावं तसं म्हणाली. आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत!

"अहो, ही खोली आपल्याला मागून घ्या! आत्याबाईंच्या खोलीपासून लांब हाय!"

आत्याबाई म्हणजे ज्या मागे पदर धरून उभ्या होत्या, त्याच.

नवरा फरशी बघू लागला. सय्यदभाई खोकं हातात धरून जागच्या जागी थिजले. मी मनातल्या मनात फोन लावायला सुरुवात केली होती.

सासूबाईंनी पदर सोडला नाही. त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"माझ्या न् माझ्या सासूच्या खोलीला एकच भिंत होती. मी कधी मोकळं खोकले सुद्धा न्हाई. तुम्हाला म्हाईत हाय समदं. हेच घर घ्या."

सासऱ्यांनी खिशात हात घातला. मग कदमसाहेबांना म्हणाले, "टोकन किती द्यावं लागंल?"

सुनेनं हेडसेट काढला. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणून घाबरली.

"काय झालं, आत्याबाई?"

सासूबाईंनी तिचा पदर नीट केला.

"काही न्हाई. स्वयंपाकघर जरा बारकं हाय म्हणत व्हते."