लायटिंगसाठी घेतलेलं नाव

आमच्या परळच्या चाळीत पिक्चरचं शूटिंग झालं. पैसे इतके कमी की नवरदेवाचं घर म्हणून माझीच खोली घेतली आणि पडदेसुद्धा माझेच ठेवले. गोष्ट पन्नाशीत दुसरं लग्न करणाऱ्या जोडप्याची होती, आणि म्हणे विनोदी. "यात हसण्यासारखं काय आहे?" मी दिग्दर्शिकेला विचारलं. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काकू, तुम्ही बघाच."

मी काय बघणार! माझं स्वतःचंच तसलं प्रकरण अडकून पडलेलं होतं. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मालवणकडचे, विधुर, छापखान्यातून निवृत्त. मी त्यांना 'वरचे' म्हणायची. गच्चीवर मी मिरच्या वाळत घालत असताना त्यांनी मला विचारलं होतं, "रजिस्टर लग्न करूया काय?" मिरच्यांवरून नजर न उचलता. वर म्हणाले, "आग्रह नाय. पण नाही म्हणालात तर दिवाळीनंतर मी गावाक जाऊन राहीन."

माझ्या मुलीने ऐकताक्षणी हो म्हटलं. मीच उत्तर देत नव्हते. मी आमच्या घरातली पहिली बी.ए., हे मी कुणी न विचारताही सांगते. ऑफिसात साहेबाला तोंडावर चूक दाखवते. पण गॅलरीतून "ह्या वयात?" हे ऐकायची माझी छाती नव्हती. शिवाय आम्ही जयभीमवाले, ते कोकणातले, दुसऱ्या जातीचे. चाळीला चघळायला केवढं मिळालं असतं!

तर शूटिंगच्या दिवशी नटनटी अजून पोचायचे होते. तोवर लायटिंग बघायला त्या उंचीची दोन माणसं हवी होती. पोरीने मला हिंदमात्याच्या बाजारातून आणलेली साडी नेसवली, डोक्यात गजरा माळला. आणि माझ्या शेजारी कुणाला उभं करावं? 'वरच्यां'ना! त्यांनी फेटा असा धरला होता, जणू कुणाचं तरी तान्हं पोर हातात दिलंय.

"फक्त दारातून आत या," पोरगी म्हणाली. "बोलायचं काही नाही."

हे तिने आम्हाला सांगितलं, चाळीतल्या बायकांना सांगायचं राहिलं. वऱ्हाडी म्हणून फुकट उभ्या केलेल्या त्या. दारात नवं जोडपं दिसल्यावर त्या गप्प बसणार? शेजारच्या काकू उंबऱ्यावर आडव्या आल्या.

"नाव घे! नाव घेतल्याशिवाय आत जावक देवचंय नाय!"

"काकू, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मग खोटं घे. पण घे."

पोरगी खुशीत ओरडली, "मस्त! नवऱ्याचं नाव माहितीये ना?" पिक्चरमधल्या नवऱ्याचं नाव तिने सकाळीच सांगितलं होतं.

नवरा गेल्यापासून मला कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवाला मी चहा करायला आत जायची, म्हणजे कुणाची पंचाईत नको. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तोंडाला आलं ते जुळवलं:

"हिंदमात्याची साडी, दादरचा गजरा..."

आणि पुढे 'वरच्यां'चं खरं नाव घेतलं. रावांसकट. "...नाव घेते, खाली करा नजरा."

नजरा कुणी खाली केल्या नाहीत. मी दाराची चौकट घट्ट धरली.

पोरगी म्हणाली, "काकू, नाव चुकलं. परत घ्या."

"काय चुकूक नाय," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी आधी माझ्याकडे, मग 'वरच्यां'कडे पाहिलं. "बरोबर हा. कधीपासून चाललाहा ह्या?"

'वरचे' घशातल्या घशात म्हणाले, "परत घ्यायचं असलं तर घ्या. माझी हरकत नाय."

"नाही घेणार," मी म्हणाले. "घेतलं ते घेतलं."

काकू बाजूला झाल्या. "ह्या वयात?" असं कुणीतरी म्हणालंच, मागच्या रांगेतून. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच हलकं निघालं. काकूंनीच वळून उत्तर दिलं, "मग काय तुझ्या वयात करतली?"

'वरच्यां'नी मला हळूच विचारलं, "आता आत जायचं काय?"

"घर माझंच आहे," मी म्हणाले. "या."