दिवसा निजायला जागा

मंदाक्का गेल्याची बातमी मला ज्याच्याकडून कळली, त्याच माणसाने तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. बारडोलीच्या घरात सकाळचा चहा ठेवत होते, तेवढ्यात तिच्या संस्थेच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्ष शेठचा मेसेज आला. तिचा तरुणपणचा फोटो आणि खाली गुजरातीत एक ओळ, आपल्या संस्थेच्या आद्य सेविका देवाघरी गेल्या म्हणून. त्याखाली भराभर जोडलेले हात उमटू लागले... डॉक्टरांचे, व्यापाऱ्यांचे, एकेकाळी दर महिन्याला वर्गणी देणाऱ्यांचे. शेवटच्या काळात तिचा फोन न उचलणारे हेच हात होते. मी गॅस बंद केला आणि सुरतची बस पकडली.

मंदाकिनी वाघ मूळची अमळनेरकडची. आम्ही दोघी सुरतेतल्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होतो. तिचा नवरा डाइंग मिलमध्ये कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणतात तशी ती प्रेमळ वगैरे मुळीच नव्हती. जीभ तिखट, चेहरा कायम त्रासलेला. इंजेक्शनला घाबरणाऱ्या पुरुषांना ती सगळ्या वॉर्डासमोर लाजवायची. पण एकदा दुपारी ड्यूटी संपवून निघताना तिला पायरीवर लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, एक कामगार दिसला. हाताला टाके, मांडीवर कपड्यांची पिशवी. सकाळीच सुटी मिळाली होती आणि तो तिथेच बसून होता. का जात नाहीस म्हणून ती खेकसली, तेव्हा तो म्हणाला की गोडादरा वस्तीतल्या खोलीतलं त्याचं अंथरूण रात्री त्याचं असतं, दिवसा त्यावर रात्रपाळीचा माणूस झोपतो. आता कामावर जाता येत नाही, म्हणून दिवसा निजायला जागा नाही. मंदाक्काने त्याला रिक्षात घातलं आणि स्वतःच्या फ्लॅटवर नेलं. मी म्हटलं, किती जणांना नेणार आहेस? ती म्हणाली, "मला काय माहीत. आधी हा तर निजू दे."

त्यातूनच पुढे संस्था झाली. तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली, मिळालेली रक्कम लिंबायतेतली एक बंद शेड घेण्यात घातली आणि ती शेड संस्थेच्या नावावर केली. तिथे खाटा टाकल्या. दवाखान्यातून सुटलेल्या, पण घर गावाकडे राहिलेल्या कामगारांना बरं होईपर्यंत पडून राहायला जागा, दोन वेळचं जेवण, वेळेवर गोळ्या. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आज ते दुसऱ्यांच्या पाटीखाली गेलंय. विश्वस्त तिघे. अध्यक्ष कापड बाजारातले हेच शेठ, दुसरे आमच्याच दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि कारभार पाहणारी मंदाक्का. चेकवर सही तिची. शेठ माणूस उदार होता, हेही सांगितलं पाहिजे. आईच्या नावाने वरचा मजला बांधायचा म्हणून त्यांनी एकदम मोठी देणगी दिली. पावतीवर त्यांच्या मुनीमाने लिहून घेतलं, 'फक्त बांधकामासाठी.' तेव्हा त्या शब्दांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मग बाजार बसला. लूम आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागले. वर्गण्या आधी उशिरा येत होत्या, नंतर येईनाशा झाल्या. खाटा मात्र भरतच गेल्या, कारण मालकांनी माणसं कमी केली होती आणि उरलेल्या माणसाला दुप्पट यंत्रं सांभाळावी लागत होती. हात सापडायचे, बोटं जायची. हिशेबनिसाला पगार देता येईना, तो सोडून गेला. त्याच्या जाण्याने संस्थेच्या करमाफीच्या नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं. ती नोंदणी गेल्यावर देणगीदारांना कराची सवलत मिळेना, आणि जे थोडे टिकून होते तेही गेले. कामावरच्या बायकांचा भविष्यनिर्वाह निधी भरायचा थांबला. बँकेत शिल्लक होती ती फक्त वरच्या मजल्याची.

शेठच्या दुकानात विश्वस्तांची बैठक झाली. मीही सोबत गेले होते, म्हणून जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलं. मंदाक्का म्हणाली, बांधकामाच्या पैशातून काही महिने डाळतांदूळ, औषधं आणि पगार भागवते, बाजार उठला की भरून काढू, पण मला तसं लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, लिहायलाच हवं. शेठने चहा मागवला आणि हसून म्हणाले, "बेन, घरना माणसमां कागळ शुं? वापरो ने. पछी जोई लईशुं." घरच्या माणसांत कागद कसला, वापरा, पुढचं पुढे बघू. डॉक्टरांनी कप उचलला. ठराव लिहिला गेला नाही. खाटा भरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने त्या पैशांतला पहिला चेक लिहिला.

पुढे शेठच्या स्वतःच्या धंद्यात चौकशी लागली. देणगीवर सवलत घेतलीत, तो मजला दाखवा, असं त्यांना विचारलं गेलं. मजला नव्हता. मी परवानगी दिली होती म्हणायचं, किंवा मला फसवलं म्हणायचं, असे दोनच रस्ते त्यांच्यापुढे होते. त्यांनी दुसरा धरला. धर्मादाय कचेरीत त्यांचा तक्रारअर्ज गेला आणि पाठोपाठ डॉक्टरांचा राजीनामा, त्यावर बैठकीच्याही आधीची तारीख. मंदाक्का मला घेऊन एका वकिलाकडे गेली. तो चांगला माणूस होता, त्याने फी घेतली नाही. शांतपणे सगळं ऐकून म्हणाला, लिहिलेला ठराव नसेल तर यांच्या साक्षीचा उपयोग नाही. मग मंदाक्काला म्हणाला, "तुम्ही पैसे खाल्ले असं कोणी म्हणत नाही, बाई. पण एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला लावला. विश्वस्ताला ते करता येत नाही. सही तुमची, तेव्हा भरपाईही तुमची."

तिने विचारलं, "मग मी काय करायला हवं होतं?"

"पैसे बँकेत तसेच ठेवायचे आणि दार बंद करायचं."

"आणि खाटांवरची माणसं?"

वकील म्हणाला, "त्यांच्याबद्दल विश्वस्ताच्या जबाबदारीत काही लिहिलेलं नाही."

खातं गोठवलं गेलं, त्याच आठवड्यात किराणावाल्याने माल थांबवला. शेवटची माणसं तिने एकेक करून रवाना केली. भिका नावाचा धुळ्याकडचा एक जण होता, मांडीचं हाड मोडलेला. त्याच्या खोलीवरच्यांनी त्याला घ्यायला नकार दिला. भाऊ येऊन त्याला भुसावळच्या गाडीत घेऊन गेला, दोन बाकांच्या मधल्या जागेत आडवा टाकून. महिन्याभरात जखम चिघळून तो गेल्याचं कळलं. मंदाक्काने मला ते भाजी निवडता निवडता सांगितलं आणि निवडत राहिली.

स्वयंपाकाला सुनंदा होती. नवऱ्याने टाकलेली, मंदाक्काने हाताशी धरलेली. तिचे पगार थकले होते. कामगार कचेरीत अर्ज टाकण्याआधी ती सांगायला आली. दारातच उभी राहून अहिराणीत म्हणाली, "आक्का, मी काय करसु? माले बी पोट शे ना." मंदाक्का म्हणाली, "कर दाखल. तुना हक्क शे." सुनंदाने दाखल केला, आणि चौकशीत तिला विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं, की पगार मिळाला नाही आणि चेकवर सही आक्काचीच असायची. तिच्या त्या खऱ्या बोलण्याचा शेठच्या वकिलाने जेवढा उपयोग केला, तेवढा कुठल्या खोट्याचाही झाला नसता.

मंदाक्काने स्वतःचा फ्लॅट विकला. त्यात सुनंदाचे आणि इतर बायकांचे पगार, निधी, त्यावरचा दंड फिटला. मजल्याचे पैसे तरीही निम्मे भरायचे राहिले. गोडादऱ्यातच चौथ्या माळ्यावर तिने एक खोली भाड्याने घेतली. धर्मादाय कचेरीत सुनावणी लागायची, ती जायची, पुढची तारीख घेऊन यायची. तिथल्या लोकांनी तिला वाईट वागवलं नाही. बसायला खुर्चीही द्यायचे. अशाच एका तारखेला जिन्यावरून उतरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि खाट हवी म्हणून चारच दिवसांत सुटी दिली. घरी नीट आराम करा, एकटीने उठू नका, असं कागदावर लिहून दिलं. मी तिला बारडोलीला चल म्हणून परोपरीने विनवलं. ती म्हणाली, "कुसुम, मी तारखेला नसले तर एकतर्फी निकाल होईल. मग ते कायमचं खरं ठरेल." दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून चार माळे वर चढवलं. मी चार दिवस राहिले, मग एक बाई लावून दिली. बाई सकाळी येऊन जायची. उरलेला दिवस ती एकटी... छातीत कफ झाला, ताप चढला, आणि एका सकाळी बाईने दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

शोकसभा संस्थेच्याच शेडमध्ये झाली. शेठ बोलले, चांगलं बोलले. त्यांनी तिला माता म्हटलं. डॉक्टर रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त असह्य झालं. काही आठवड्यांनी निकाल आला. रक्कम रुग्णांवरच खर्च झाली, स्वतःसाठी काही घेतल्याचं दिसत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पण नियमभंग झाला, आणि जिच्याकडून वसुली करायची ती हयात नाही, म्हणून प्रकरण बंद. बंद पडलेल्या संस्थेची जागा तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. ती शेठच्या कुटुंबाच्या ट्रस्टला मिळाली. आता तिथे वरचा मजला चढतो आहे. खालचा हॉल लग्नकार्याला देतात.

निकालाच्या आधीच, शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, मी तिची खोली आवरायला गेले होते. सामान फारसं नव्हतंच. घरमालकाची खाट मात्र विचित्र ठेवलेली होती, भिंतीला न लावता, खोलीच्या मधोमध आडवी. मग आठवलं. वॉर्डात नवा रुग्ण आला की मंदाक्का आधी स्वतः त्या खाटेवर आडवी व्हायची आणि उशीवरून दार दिसतं का बघायची. दिसत नसेल तर शिव्या देत खाट ओढून फिरवायची. पडलेल्या माणसाला येणारं माणूस दिसलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. इथे मोडल्या खुब्याने तिने ही खाट कशी फिरवली असेल, की बाईकडून फिरवून घेतली, मला माहीत नाही. मी तिच्या उशीवर डोकं टेकलं. दार समोर, अगदी सरळ रेषेत दिसत होतं... बराच वेळ मी तशीच पडून राहिले. मग पावलं वाजली आणि दारात घरमालकाची सून आली. तिच्यामागे दोन तरुण कामगार, खांद्यावर बॅगा घेतलेले. मला उठवत नाही असं पाहून ती ओशाळून गुजरातीत म्हणाली, पडा मावशी, पडून राहा, यांना फक्त खोली दाखवते. आणि त्या दोघांकडे वळून सांगू लागली की खाट एकच आहे, पण तुमच्या पाळ्या वेगळ्या आहेत ना, मग पुरेल.