परातीतला समुद्र

खानापूरहून निरोप आला तेव्हा मी हातमागावर विणत बसले होते. "आक्का, मास्तर गेले..." हातातला धोटा हातातच राहिला. मास्तर म्हणजे माझा धाकटा भाऊ, सदाशिव. आता महिना होऊन गेला. लोक येतात, त्याचं कौतुक सांगतात, आणि मला रडू येतं तसा रागही येतो. खोटं कशाला बोलू?

तो शाळेत गेला, मी घरात राहिले. त्याचीच पुस्तकं चुलीपुढं उघडून मी अक्षरं शिकले. पुढं तो मास्तर झाला, तरी वडगावला माझ्याकडं आला की काहीतरी नवं सांगितल्याशिवाय जेवायचा नाही. एकदा म्हणाला, "आक्का, वारा समुद्राचं पाणी ढकलत नेतो, कोसच्या कोस." समुद्र आम्ही दोघांनीही बघितलेला नव्हता. मी परातीत आडाचं गार पाणी घेतलं, वरून अलगद ऊन पाणी सोडलं, कोंडा टाकला आणि फुंकणीनं फुंकू लागले. कोंडा पलीकडच्या काठाला गेला. माझ्या बाजूला बोट बुडवलं, तर पाणी गार!

"सदा, वरचं ऊन पाणी तिकडं गेलं, तळातलं गार हिकडं वर आलं बघ. आता ह्या गार पाण्यावरनं जाणारा वाराबी गार हुणार न्हाय व्हय? म्हंजे वारा पाण्याला हलवतो, आन् पाणी वाऱ्याला बदलतं!"

त्यानं मला तीनदा फुंकायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं...

पुढच्या वर्षी शाळेत त्याचं व्याख्यान झालं. मी मागं, बायकांत. तशीच परात, तसाच कोंडा. "समुद्रही वाऱ्याला बदलतो, हे मला एका सकाळी सुचलं," म्हणाला. टाळ्या पडल्या. सगळ्यांबरोबर माझेही हात वाजले.

घरी आल्यावर म्हटलं, "सदा, ते माझं व्हतं की रं."

"आक्का, चुलीपुढच्या बाईचं नाव घेतलं असतं तर लोक लई हसले असते. आपल्यात तुझं-माझं कशाला?"

तरी मी वाट बघितली. आज ना उद्या, चार माणसांत एकदा तरी सांगेल... दर दिवाळीला वाटायचं, यंदा सांगेल. आता कोण सांगणार?

परवा त्याच्या घरी गेले. भावजयीनं चहा दिला. मी बशीत ओतून फुंकर घातली, साय पलीकडं सरकली, त्या सायीकडं बघत राहिले. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेबी अस्संच बघत बसायचे हो, वन्सं... तुम्हांलाबी त्यांनीच शिकवलं व्हय?"

मी बशी तोंडाला लावली.